काउंटरमागचा माणूस : कंपाउंडर ते क्लिनिकल फार्मासिस्ट

दिल्ली, मुंबई आणि पाटणा या शहरांतील ६२२ औषधदुकानांत २०१४-१५ या काळात काही अनोळखी गिऱ्हाइके येऊन गेली. ती आजारी नव्हती. आजाऱ्याची भूमिका वठवण्याचे प्रशिक्षण त्यांना देण्यात आले होते. पहिल्या प्रकारचा ‘रुग्ण’ काउंटरपाशी येऊन सांगे, की दोन-तीन आठवडे खोकला आहे, ताप येतो, काहीतरी औषध द्या. दुसऱ्या प्रकारच्या ‘रुग्णा’चीही तक्रार खोकल्या-तापाचीच असे, मात्र त्याच्यापाशी थुंकीच्या तपासणीचा अहवाल असे आणि त्यात क्षयरोगाचे निदान स्पष्ट नोंदलेले असे. अशा १२०० भेटींचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

प्रतिजैविक किंवा स्टेरॉइड न देता रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवणे, हे संशोधकांनी योग्य वर्तन मानले होते. पहिल्या प्रकारात असे वर्तन केवळ १३ टक्के भेटींत आढळले. दुसऱ्या प्रकारात हे प्रमाण ६२ टक्क्यांवर गेले. प्रतिजैविके पहिल्या प्रकारात ३७ टक्के वेळा दिली गेली, दुसऱ्यात १६ टक्के वेळा. क्षयरोगावरील पहिल्या फळीची औषधे मात्र एकाही दुकानाने चिठ्ठीविना दिली नाहीत.

हे आकडे दोन तऱ्हांनी वाचता येतात. वृत्तपत्रांना सोयीची तऱ्हा म्हणजे केमिस्ट बेजबाबदार आहेत, असे म्हणून मोकळे होणे. त्यात तथ्य नाही असे नाही. प्रतिजैविकांपैकी फ्लुओरोक्विनोलोन गटाची औषधे क्षयाच्या जंतूंनाही काही काळ दाबून ठेवतात. खोकला कमी होतो, रुग्णाला बरे वाटते आणि निदान आठवडेच्या आठवडे पुढे ढकलले जाते. स्टेरॉइडने तर रोगाची लक्षणे झाकली जातात आणि आतला रोग बळावतो. पण शहरे तीच, दुकानेही तशीच, काउंटरमागे उभी असणारी माणसेही त्याच शिक्षणाची. हातात एक कागद आला आणि वर्तन इतके पालटले. माणूस केवळ अडाणी किंवा केवळ लोभी असता, तर एका कागदाने एवढा फरक पडला नसता. त्याच्यापर्यंत रुग्णाविषयीची माहिती पोहोचत नाही, आणि ती मागून घेणे हे आपले काम आहे असे त्याला कोणी कधी सांगितलेले नाही, ही दुसरी तऱ्हा अधिक खोल जाते. ती नीट समजण्यासाठी या काउंटरचा इतिहास पाहावा लागतो, आणि त्या पाहणीसाठी दिल्लीच्या पहाडगंजाइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल.

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेला पसरलेला हा भाग मोगल काळात धान्याची पेठ होता. मराठी माणसाला तो अगदीच परका नाही. बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळा याच परिसरात आहेत. औषधांच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहिले, तर पहाडगंज दोन जगांच्या मध्ये उभे आहे. एका अंगाला १९१६ मध्ये सुरू झालेले लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय. तेथे स्त्रियांना पाश्चात्त्य वैद्यक शिकवले जाऊ लागले. दुसऱ्या अंगाला, करोलबागेत, हकीम अजमल खान यांचे आयुर्वेद व युनानी तिब्बिया महाविद्यालय. त्याची कोनशिला १९१६ मध्ये व्हाइसरॉय हार्डिंग यांनी बसवली आणि उद्घाटन १९२१ मध्ये गांधीजींनी केले.

या तिब्बिया महाविद्यालयातील संशोधन विभागात रसायनशास्त्रज्ञ सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी सर्पगंधेच्या मुळांवर काम केले आणि १९३१ मध्ये त्यांतून काही अल्कलॉइडे वेगळी काढली. त्यांपैकी एकाला त्यांनी हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असे नाव दिले; हृदयाच्या तालातील एक दुर्मीळ दोष ओळखण्याच्या चाचणीत ते आजही वापरले जाते. पुढे १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन आपली निरीक्षणे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडली आणि या मुळीकडे जगाचे लक्ष गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले गेले.

रेसर्पिनची पुढची कथा फार्मासिस्टच्या इतिहासाशी थेट जोडलेली आहे. हे औषध रक्तदाब खाली आणी, पण ते दीर्घकाळ आणि मोठ्या मात्रेत घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये खिन्नता दिसू लागली. संसर्गाचे औषध आठ-दहा दिवसांत संपते. रक्तदाबाचे औषध आयुष्यभर चालते. बाधक परिणाम तिसऱ्या महिन्यात दिसला, तर तेव्हा रुग्ण डॉक्टरांसमोर बसलेला असेलच असे नाही. तो महिन्याच्या गोळ्या घेण्यासाठी औषधाच्या दुकानात मात्र आलेला असतो. दीर्घकालीन रोगांनी औषधाचे स्वरूप बदलले, तसे ते देणाऱ्याचे कामही बदलायला हवे होते. भारतात ते बदलायला फार वेळ लागला, कारण काउंटरमागच्या माणसाची घडण वेगळ्याच गरजेतून झाली होती.

ती घडण कंपाउंडरची. महाराष्ट्रातील जुन्या पिढीला दवाखान्यातील ती लाकडी खिडकी आठवत असेल: आत ओळीने मांडलेल्या बरण्या, खल-बत्ता, पुड्या बांधायचे कागद आणि लाल किंवा गुलाबी मिक्श्चरच्या बाटलीवर चिकटवलेली, डोसांच्या खुणांसाठी कडेने कातरलेली कागदी पट्टी. कंपाउंडर औषध तयार करी. त्याचे कौशल्य मापात आणि मिश्रणात होते. रुग्णाशी त्याचे बोलणे ‘दिवसातून तीनदा, बाटली हलवून’ एवढ्यावर संपे. पोर्तुगीज गोव्यात १८४२ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेत औषधनिर्माणाचेही शिक्षण मिळत असे; ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र बहुतेक कंपाउंडर हाताखाली राहून शिकले. पदवीच्या दर्जाचे औषधनिर्माणशास्त्र महादेवलाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने बनारस हिंदू विद्यापीठात रुजले, तेव्हा १९३० चे दशक उजाडले होते.

कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीने १९३१ मध्येच दोन गोष्टींवर बोट ठेवले होते: बाजारातील औषधांच्या शुद्धतेवर नियंत्रण नाही आणि औषध हाताळणाऱ्या व्यवसायावरही नाही. पहिल्यासाठी कायदा १९४० मध्ये आला, दुसऱ्यासाठी १९४८ मध्ये. हा क्रम पुढील इतिहासाचा आराखडाच म्हणावा लागेल. गोळीची काळजी आधी घेतली गेली, गोळी देणाऱ्याची नंतर आणि घेणाऱ्याची त्याहून नंतर. मधल्या काळात, १९४६ मध्ये, भोर समितीने देशाच्या आरोग्याचा ताळेबंद मांडला. त्यात अर्हताप्राप्त फार्मासिस्टांची संख्या होती ७५, म्हणजे सुमारे ४० लाख लोकसंख्येमागे एक.

फार्मसी कायदा ४ मार्च १९४८ रोजी अस्तित्वात आला. त्या वेळी दिल्ली फाळणीच्या लोंढ्यांनी भरून गेली होती. पहाडगंज आणि करोलबाग परिसरात पश्चिम पंजाबातून आलेल्या कुटुंबांनी जे मिळेल ते काम हाती घेतले. त्यांच्यापैकी काहींचा पूर्वीचा व्यवसाय औषधविक्रीचा होता. ज्याची दुकानाची पाटी, परवाना आणि कागदपत्रे सीमेपलीकडे राहिली, त्याची नोंद कोणत्या वहीत करायची? संसदेने १९५९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून एक वाट काढली. ४ मार्च १९४८ पूर्वीपासून औषधव्यवसाय हेच उपजीविकेचे मुख्य साधन असलेल्या विस्थापितांना, विहित अटी पूर्ण होत असल्यास, राज्याच्या नोंदवहीत नाव घालता येईल, अशी तरतूद झाली. माणुसकीच्या दृष्टीने ती योग्यच होती. पण तिच्यातून कायद्याची मूळ समजूतही कळते: फार्मसी म्हणजे उपजीविका, एक व्यवसाय, एक दुकान.

त्याच कायद्याच्या ४२ व्या कलमात म्हटले आहे, की नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय अन्य कोणी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध देऊ नये. हे कलम देशभर प्रत्यक्ष लागू होण्यास १ सप्टेंबर १९८४ उजाडले. या छत्तीस वर्षांत पेनिसिलिनपासून सेफॅलोस्पोरिनपर्यंतची प्रतिजैविके आली, मधुमेहाच्या गोळ्या घरोघरी पोहोचल्या, मिक्श्चरची बाटली नाहीशी झाली आणि तिच्या जागी कारखान्यात तयार झालेली गोळ्यांची पट्टी आली. कंपाउंडरचे जुने कौशल्य निरुपयोगी झाले आणि नवे कौशल्य कोणी मागितले नाही. काउंटरमागे उरली ती फक्त देवघेव. नंतरही ‘परवान्यावर नाव एकाचे, दुकानात माणूस दुसरा’ हा प्रकार इतका रुळला, की २०१२ च्या सुमारास महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्टच्या हजेरीची कडक तपासणी आरंभली, तेव्हा केमिस्ट संघटनांनी तिला जोरदार विरोध केला.

जगाच्या दुसऱ्या टोकाला हीच पोकळी वेगळ्या रीतीने भरली गेली. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात १९६६ मध्ये नवव्या मजल्यावरील शस्त्रक्रिया विभागात एक छोटी फार्मसी थाटण्यात आली. तळघरातील भांडारातून औषधे पाठवण्याऐवजी फार्मासिस्ट चोवीस तास वॉर्डातच राहू लागला. त्याने रुग्णाचा तक्ता वाचायचा, औषधांचा परस्परांवर होणारा परिणाम तपासायचा आणि डॉक्टरांना प्रश्न विचारायचे. क्लिनिकल फार्मसीच्या इतिहासात ‘नववा मजला’ हा प्रारंभबिंदू मानला जातो. त्यानंतर १९९० मध्ये हेप्लर आणि स्ट्रँड या दोन अमेरिकी अभ्यासकांनी मांडले, की फार्मासिस्टची जबाबदारी औषध हातात पडण्यापाशी संपत नाही. त्या औषधाने रुग्णाला ठरलेला लाभ झाला की नाही, येथपर्यंत ती जाते. बोलायला सोपी असणारी ही गोष्ट व्यवहारात क्रांतिकारक होती, कारण तिने फार्मासिस्टला रुग्णाच्या माहितीचा वाटेकरी केले.

भारतात हे रोप १९९६-९७ मध्ये म्हैसूर आणि उटी येथील जेएसएस महाविद्यालयांत लागले. तेथे फार्मसी प्रॅक्टिस या विषयातील पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले. २००८ मध्ये सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम आला, त्यातील अखेरचे वर्ष रुग्णालयातील प्रशिक्षणाचे. या पदवीधरांची तयारी दर्जेदार आहे, मात्र ती मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डासाठी आहे. पहाडगंजाच्या मेन बाजारातील दुकानात मात्र आजही बहुधा दोन वर्षांची पदविका घेतलेला फार्मासिस्ट भेटतो आणि रुग्ण पहिल्यांदा जातो तो त्याच्याकडेच. जिथे रुग्ण सर्वाधिक येतात तिथे प्रशिक्षण सर्वांत थोडे, ही विसंगती आपल्या व्यवस्थेत अजून तशीच आहे.

दिल्लीने या प्रश्नाच्या एका बाजूवर मोठे काम केले, हेही नोंदवले पाहिजे. १९९४ मध्ये औषधशास्त्रज्ञ डॉ. रणजित रॉय चौधरी यांच्या मार्गदर्शनाने दिल्ली राज्याने स्वतःचे औषधधोरण आखले. अत्यावश्यक औषधांची यादी ठरली. रुग्णालयांसाठी एक आणि छोट्या दवाखान्यांसाठी त्याहून आटोपशीर दुसरी. सगळ्या संस्थांची खरेदी एकत्र होऊ लागली, पुरवठादारांची गुणवत्ता तपासली जाऊ लागली, खर्च घटला आणि सरकारी दवाखान्यांत औषध ‘नाही’ असे ऐकण्याची वेळ कमी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने ‘दिल्ली मॉडेल’ म्हणून त्याची दखल घेतली. या धोरणाने कपाट भरले आणि कपाटात काय असावे हेही शहाणपणाने ठरवले. मात्र चिठ्ठी लिहिण्याची रीत एवढ्याने सुधारली नाही. डॉ. अनिता कोटवानी आणि कॅथलीन हॉलोवे यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिल्लीतील खासगी औषधदुकाने व सरकारी संस्थांत येणाऱ्या रुग्णांपैकी ३९ टक्के, तर खासगी दवाखान्यांत जाणाऱ्यांपैकी ४३ टक्के रुग्णांना किमान एक प्रतिजैविक लिहून दिलेले आढळले. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील प्रमाण आहे. दोषाचा सगळा भार काउंटरवर टाकणाऱ्यांनी हा अभ्यास लॅन्सेटच्या आकड्यांशेजारी ठेवून वाचावा.

काही प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधे यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवण्याचे बंधन ‘एच-१’ अनुसूचीद्वारे मार्च २०१४ पासून आले. २०१८ मध्ये क्षयरुग्णांची माहिती शासनाला कळवण्याच्या सक्तीत औषधविक्रेत्यांचाही समावेश झाला. औषधांच्या बाधक परिणामांची नोंद करणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे केंद्र २०११ मध्ये दिल्लीच्या एम्समधून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे गेले आणि फार्मासिस्टलाही असा अहवाल पाठवता येतो. हे सारे आवश्यक आहे. पण यात काउंटरमागचा माणूस नोंद करणारा आणि कळवणारा आहे. माहिती त्याच्याकडून वर जाते, त्याच्याकडे खाली फारशी येत नाही.

२०१५ हे वर्ष या दृष्टीने चमत्कारिक होते. जानेवारीत भारतात फार्मसी प्रॅक्टिस विनियम अधिसूचित झाले आणि रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे, त्याच्या औषधांचा आढावा घेणे ही फार्मासिस्टची कर्तव्ये म्हणून प्रथमच कागदावर आली. जुलैत दिल्लीत पीरागढी येथे पहिले मोहल्ला क्लिनिक उघडले. त्याच महिन्यात इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने सामान्य डॉक्टरांच्या दवाखान्यांत क्लिनिकल फार्मासिस्ट नेमण्याचा पथदर्शी प्रकल्प जाहीर केला. इंग्लंडच्या निर्णयामागे पुरावा होता. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पिन्सर’ चाचणीत ७२ दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या होत्या. केवळ संगणकाने धोक्याच्या चिठ्ठ्या दाखवून देणे आणि त्या दाखवून फार्मासिस्टने डॉक्टरांबरोबर बसून दुरुस्त करणे, या दोहोंची तुलना झाली. दुसऱ्या रीतीने धोकादायक चुका लक्षणीय प्रमाणात घटल्या. तेथील फार्मासिस्ट रुग्णाची संपूर्ण नोंद उघडू शकतो. दिल्लीतील छोट्या दवाखान्यात डॉक्टर, फार्मासिस्ट आणि रुग्ण एकाच छपराखाली आले, ही मोठीच सोय. पण फार्मासिस्टचे काम बव्हंशी गोळ्या मोजून देण्याचेच राहिले.

महाराष्ट्रातील दोन प्रयत्न मात्र वेगळ्या दिशेला बोट दाखवतात. इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने २००६ च्या सुमारास मुंबई परिसरात औषधदुकानदारांना क्षयरोगाच्या कार्यक्रमात सामील करून घेतले, प्रा. मंजिरी घरत यांचा त्यात पुढाकार होता. संशयित रुग्ण ओळखून तपासणीला पाठवणे आणि काही ठिकाणी दुकानातच, फार्मासिस्टच्या डोळ्यांसमोर औषधाचा डोस घ्यायला लावणे, असे त्याचे स्वरूप होते. ज्याला आजवर फक्त ग्राहक दिसत होता, त्याला उपचारांच्या संपूर्ण कालावधीत तोच रुग्ण पुन्हा पुन्हा दिसू लागला. लॅन्सेटमधील अभ्यासात थुंकीच्या अहवालाने जे घडवले, त्याचाच हा दीर्घकालीन अवतार.

दुसरा प्रयत्न उच्च रक्तदाबाचा. २०१७-१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. उपचारांचा एकच सोपा क्रम ठरवण्यात आला, अॅम्लोडिपिनसारख्या मोजक्या गोळ्यांचा अखंड पुरवठा प्राथमिक केंद्रांपर्यंत नेण्यात आला, रुग्णाला एकदम महिन्याच्या गोळ्या देण्यात येऊ लागल्या आणि प्रत्येकाची नोंद ठेवली जाऊ लागली. डॉ. वकिलांनी ५० रुग्णांच्या बाबतीत वैयक्तिक चिकाटीने जे केले, ते येथे व्यवस्थेने हजारोंसाठी करायचे होते. अशा केंद्रात औषधाच्या खिडकीचा अर्थ बदलतो. ठरलेल्या तारखेला कोण आले हे फार्मासिस्टला दिसतेच, पण नोंद समोर असल्यामुळे कोण आले नाही हेही दिसते. आणि न आलेल्यांची ती यादी आरोग्यसेविकेच्या हाती देऊन त्याच आठवड्यात त्यांच्या घरी विचारणा करता येते.

पहाडगंजातील दुकानात अशी यादी नाही. तेथे रक्तदाबाची रिकामी पट्टी काउंटरवर ठेवून ‘हीच द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक दुसऱ्या महिन्यात आले नाही, तर ते बरे झाले, गावी गेले, शेजारच्या दुकानात गेले की त्याने औषधच सोडले, हे कळण्याचा कोणताही मार्ग काउंटरमागच्या माणसाला उपलब्ध नाही.